डाव्या हाताचं रीळ

५ जानेवारी २०२५

बुलढाण्याच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहीत जा. यांनी काय खाल्लं, किती झोपले, काय बोलले. म्हणून ही वही. बियाण्याच्या दुकानानं फुकट दिलेली, प्रत्येक पानावर कपाशीचं बोंड.

आज काय बोलले: सकाळी "चहा ठेव". दुपारी "नको". संध्याकाळी काही नाही.

अठ्ठ्याहत्तर दिवस झाले. सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्रात यांचा उजवा हात गेला, कोपराच्या वर चार बोटं. यंत्र आमचंच होतं आणि दहा वर्षं हेच चालवत होते. ओलं काड अडकलं आणि यांनी हातानं लोटलं. दुसऱ्या कोणाची चूक असती तर निदान त्याच्यावर रागावता आलं असतं. यंत्र दिवाळीनंतर विकलं.

हे मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मी पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. मधेच मशीन थांबवते आणि कान देते.

१४ जानेवारी

संक्रांत. वाण घ्यायला बाया आल्या. वच्छलाबाईनं तीळगूळ तोंडात टाकता टाकता विचारलं, "कुठलोक कापला व हात?" आणि सरळ मागच्या खोलीच्या दारात जाऊन पाहून आली. सणाच्या दिवशी काय बोलायचं.

बाया गेल्यावर पाहते तर हे खोलीत नाहीत. गोठ्यात सापडले. आढ्याकडे पाहत उभे होते. तिथं खुंटीला यांचा गळ टांगलेला आहे. लाकडाच्या दांड्याला गुंडाळलेलं तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, शिशाचा तुकडा आणि आकडा. आधी दर रविवारी धरणावर जायचे, चार किलोमीटर पायी. डोक्याभोवती फिरवून गळ फेकायचे आणि बसायचे संध्याकाळपर्यंत. कधी शिंगाळा मासा मिळायचा, हाताएवढा, मिशांचा, अंगावर खवला नाही. सासूबाई माळकरी, म्हणून मागच्या अंगणात तीन दगडांवर तो शिजायचा. वासावरून मी दर रविवारी भांडायचे.

मी म्हटलं, "चला ना आत." आले.

मग दिवसभर डोक्यात एकच. तो गळ ओढायला दोन हात लागतात, एकानं ओढायचं आणि दुसऱ्यानं धरायचं. पण मी मोबाइलवर पाहिलंय, काठीला रीळ असतं आणि दांडी फिरवली की दोरी आपोआप गुंडाळते. माझ्या मशीनमधल्या बॉबिनसारखंच ते. ते एका हातानं होणार नाही का?

यांना आत्ताच सांगत नाही.

२२ जानेवारी

पुंजाजीकाका हरभरा घेऊन आले. यांच्याबरोबर धरणावर बसायला हेच असायचे. सत्तरीचे आहेत, शेत धरणाला लागून. अर्धा तास यांच्या खाटेजवळ बसले. हे एक शब्द बोलले नाहीत, काकाही नाहीत. जाताना मी काकांना दारापाशी गाठलं आणि रॉडचं, म्हणजे त्या रिळाच्या काठीचं, सांगितलं.

"रॉड?" काका हसले. "मी जल्मात बांबू वापरला, सूनबाई."

"पण शिंगाळ्याले कसा लागते, ते तर तुम्हाले माहीत आहे ना?"

मग खाली बसून अंगणात काडीनं रेघा मारून सांगू लागले. शिंगाळा तळाशी राहतो. म्हणून शिसं जड पाहिजे, आणि जड शिसं फेकायचं तर काठी लेचीपेची चालत नाही. लांबीला कमी असली तरी चालेल, बुडाला जाड हवी. तो झटका मारत नाही, ओढत नेतो, म्हशीसारखा, दगडांच्या कपारीत शिरायला. त्याला तिथं शिरू द्यायचं नाही. तंगूस जाड घ्यायचं. आताची पोरं ते धाग्यासारखं विणलेलं आणतात, बारीक आणि मजबूत, पण दगडावर घासलं की तुटते आणि बोट कापते ते वेगळंच.

"आन् एका हातानं?" मी विचारलं.

काका काडी मोडत बसले. "एका हातानं मी कधी पाह्यलं नाई," म्हणाले. "त्याले पाहिजे काय पण?"

मी म्हटलं, "हाव."

३ फेब्रुवारी

फसले. मोबाइलवर एक संच दिसला, काठी, रीळ, दोरी, आकडे, सगळं मिळून नऊशे रुपयांत. माझ्या पाच ब्लाउजांची शिलाई. मागवला. काठी एकातून एक निघणारी, छत्रीच्या दांड्यासारखी. मी गोठ्यामागे जाऊन भरलेली बादली दोरीला बांधली आणि ओढून पाहिली. काठीचा वरचा तुकडा कट्कन गेला. रिळाची दांडी प्लास्टिकची होती, ती हातात आली. परत घेत नाहीत.

सासूबाईंनी पाहिलं. "काय करून राह्यली व तू बादलीले बांधून?"

सांगावं लागलं. त्या मला ओरडतील असं वाटलं होतं. त्यांच्या घरात मासा म्हणजे पाप. पण त्या म्हणाल्या, "जड माल घे. हलकं घेतलं की दोनदा घेणं पडते." आणि तुळशीला पाणी घालायला गेल्या.

यांचं: अर्धी भाकरी. नसलेल्या हाताची बोटं वळतात म्हणतात, मुठीत काहीतरी धरल्यासारखी, आणि ती उघडत नाहीत. रात्री झोप नाही.

१८ फेब्रुवारी

मलकापूरला गेले. स्टेशनच्या बाजूला जाळ्यांचं दुकान आहे, तिथं रॉडही ठेवतात. दुकानात बाई आली म्हणून सगळे बघायला लागले. दुकानदारानं विचारलं, "कोणत्या माशासाठी?"

"शिंगाळ्यासाठी."

"केवढ्या?"

मी माझा हात खांद्यापासून दाखवला.

मग तो नीट बोलायला लागला. आधी काळा चकचकीत रॉड काढला, कार्बनचा, बोटावर तोलता येईल इतका हलका. भाव ऐकून मी परत ठेवायला सांगितला. त्यानं खालून दुसरा ओढला. फायबरचा, सात फूट, मधे एकच जोड, भरीव, बुडाला अंगठ्यापेक्षा जाड. म्हणाला, हा दिसायला गावठी आहे, पण यानं म्हैस बांधली तरी मोडणार नाही. मी टोक धरून वाकवून पाहिलं. वाकलं आणि सरळ झालं. सासूबाई म्हणाल्या तसा जड माल.

रीळ निवडायला वेळ लागला. लहान रिळात जाड तंगूस शंभर हातही मावत नाही. मोठं सहा हजार नंबरचं घेतलं. त्याच्या पुढच्या बाजूला चकती असते, ती पिळली की दोरी सुटायला जड होते, माझ्या मशीनच्या टेन्शनसारखीच. हे मला न सांगता समजलं. दुकानदार म्हणाला, ताई, तुम्ही गडी माणसापेक्षा लवकर शिकल्या.

मग विचारलं, "दांडी डाव्या बाजूला लागेल का?"

"लागते ना. इकडचा स्क्रू काढा, तिकडून घाला. पण बहुतेक लोक रॉड उजव्या हातात धरतात आणि डाव्यानंच फिरवतात. कोणासाठी आहे?"

"भावासाठी," मी म्हटलं. का खोटं बोलले कोण जाणे. मला भाऊ नाही.

तंगूस चाळीस नंबरचं, दोन गुंडाळ्या. सगळं मिळून तीन हजार शंभर. लग्नाच्या हंगामाचा शिलाईचा आगाऊ पैसा होता, त्यातून दिले. येताना एसटीत रॉड खिडकीतून बाहेर निघत होता. कंडक्टर म्हणाला, "बाई, झेंडा लावता का?" मला हसू आलं. किती दिवसांनी.

१९ फेब्रुवारी

दाखवला. खाटेवर यांच्या बाजूला ठेवला. रीळ आधीच डाव्या हाताचं करून ठेवलं होतं.

यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हातानं दांडी एकदा फिरवली, टिक् टिक् टिक् आवाज आला.

"केवढ्याले?"

"सस्त्यात मिळाला."

"चांगला आहे," म्हणाले.

चांगला आहे! दोन शब्द, स्वतःहून. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

२ मार्च

अडचण अशी की एका हातानं रॉड धरला तर रीळ फिरवायला हात उरत नाही. कमरेच्या पट्ट्यात बूड खोचून पाहिलं, रॉड आडवा पडतो. शेवटी वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पाइप करून आणला, खाली टोकदार गज आणि वर तिरकस नळी. तो जमिनीत ठोकायचा, रॉड त्यात उभा करायचा आणि डाव्या हातानं रीळ फिरवायचं. काकांनी अंगणात ठोकून दाखवलं. यांनी बसून दांडी फिरवली आणि मी तिकडून दोरी ओढली. मी मासा झाले होते. सासूबाई ओट्यावरून पाहत होत्या. मी हसत होते आणि दोरी ओढत होते. हे मान खाली घालून फिरवत होते.

मग म्हणाले, "झालं?"

९ मार्च

पहिल्यांदा धरणावर गेलो. मी, हे, आणि काका. पाणी बरंच मागे गेलंय, दगड उघडे पडलेत. काठावर मासेमारीच्या ठेकेदाराचा माणूस होता, काठीवाल्यांना तो काही म्हणत नाही. यांच्या रिकाम्या बाहीकडे पाहून तो लगेच दुसरीकडे पाहायला लागला.

यांनी डाव्या हातानं फेकून पाहिलं. शिसं पाच हातांवर पडलं. दुसऱ्यांदा मागे बाभळीत अडकलं. तिसऱ्यांदा यांनी रॉड काकांच्या हातात दिला. काकांनी फेकला आणि पाइपात उभा केला. गांडूळ मी लावलं, कारण आकडा धरून गांडूळ ओवणं एका हाताचं काम नाही. किळस आली नाही, सुईत दोरा ओवल्यासारखंच ते.

तीन तास बसलो. मी यांच्या मागेच बसले, काही लागलं तर द्यायला. पाणी दिलं, बिस्किट दिलं, टोपी सारखी केली. गळाला काही लागलं नाही.

येताना मी म्हटलं, "पुढच्या रविवारी लागल."

हे म्हणाले, "हं."

१४ मार्च

योगिनी धुळवडीसाठी वसतिगृहातून आली. नववीत गेल्यापासून फार उंच झाली आहे. मी तिला रॉड दाखवला, रीळ कसं उलटं केलं ते दाखवलं, चकती दाखवली. सगळं ऐकून म्हणाली, "आई, पप्पांले विचारलं होतं का?"

"काय?"

"त्यांले मासे धरायचे का म्हणून."

आता यात विचारायचं काय! पंधरा वर्षं पाहते आहे मी. बापाला काय आवडतं ते पोरीला कळत नसेल, मला कळतं.

ती दुपारभर त्यांच्या खाटेवर पायांशी पुस्तक घेऊन बसली. दोघंही गप्प. मी दोनदा जाऊन पाहून आले.

६ एप्रिल

पाच रविवार झाले. एकदा खेकड्यानं गांडूळ खाल्लं, एकदा तंगूस दगडात अडकून तोडावं लागलं. काका म्हणाले, तंगूस बरोबर आहे, रॉड बरोबर आहे, मासाच नाही. ठेकेदारानं जाळं फार ओढलंय.

कोंबडीची आतडी लावून पाहू म्हणतात. दुकानातून मीच आणणार.

यांचं: जेवण बरं. झोप नाही. बोटं अजून वळतात.

१७ एप्रिल

आज चांगला दिवस. हे स्वतःहून उठले आणि मला विहिरीवर घेऊन गेले. मोटरचं स्टार्टर कसं चालू करायचं ते दाखवलं. हिरवं बटण किती वेळ दाबायचं, लाइन कमी असली की काय करायचं, फ्यूज कुठं आहे. "करून दाखव," म्हणाले. मी केलं. दोनदा करायला लावलं.

मग घरी येऊन पत्र्याची पेटी उघडली. सातबारा कोणता, विम्याचा कागद कोणता, योगिनीचा दाखला कोणता, सगळं समजावलं. एवढं यांनी ऑक्टोबरपासून कधी बोललेलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही आहात ना पाहायले." तर म्हणाले, "तुले पण माहीत पाहिजे."

समुपदेशक बाईंना हे सांगितलं पाहिजे. घरात लक्ष घालायला लागले. रॉडचाच गुण हा.

३० एप्रिल

अखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. या वर्षी माहेरी गेले नाही. अंबूबाई, माझी आई, फोनवर म्हणाली, दोन दिवस तरी ये, तू वाळून गेली. मी म्हटलं, रविवार चुकवता येत नाही.

यांनी ऐकलं. "जा ना," म्हणाले. "जाय आईकडे. आठ दिवस राह्य."

"मग धरणावर कोण नेईल तुम्हाले?"

हे कूस बदलून भिंतीकडे वळले.

११ मे

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

आज लागला. सकाळी आठ वाजता, आतडीला. रॉडचं टोक आधी दोनदा लवलं, मग सरळ खाली गेलं आणि राहिलं, आणि रीळ किर्र करून सुटायला लागलं. काका ओरडले, "गोकुळ, फिरव!" यांनी दांडी धरली. फिरवली. दोरी येत होती, जात होती, परत येत होती. यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. मी यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्या तोंडावर काहीतरी होतं, सात महिन्यांत मी ते पाहिलं नव्हतं.

पाण्यात पाठ दिसली. काळी, रुंद. काका म्हणाले, "बाप रे, आठ किलोच्या खाली नाई."

आणि पाइप हलला. पाणी मागे गेल्यामुळे जिथं ठोकला होता तो नुसता ओला गाळ होता. पाइप आधी वाकला, मग मुळासकट उपटून आला. यांनी झेप घेऊन रॉड धरला. डाव्या हातानं. गुडघ्यांवर पडले, रॉड पोटाशी, मासा ओढतोय, आणि रीळ फिरवायला हात नाही. उजवा खांदा हलत होता. तो सारखा पुढे जात होता, जिथं हात नाही तिथून.

मी धावले. दांडी पकडली. मी फिरवायला लागले, मला येतं, मी किती वेळा केलंय.

"हात नको लावू," हे म्हणाले.

"फिरवते मी, तुम्ही फक्त धरा."

"पूनम, हात काढ."

एवढ्या हळू म्हणाले की मी हात काढला. आणि रॉड यांच्या हातातून सुटला. दगडांवरून खडखडत गेला, बूड एकदा वर आलं, आणि गेला.

काका कमरेएवढ्या पाण्यात शिरले, पण तिथून पुढे एकदम खोल आहे.

तिथूनच घरी निघालो.

१२ मे

काका आले. मी म्हटलं, "गाळाची जागा होती, तिथं पाइप ठोकायलाच नको होता. माझंच चुकलं. आणि मुठीला घाम होता, निसटला."

काका चपला घालून उभे होते, बसले नाहीत. "निसटला नाई, सूनबाई," म्हणाले. "मी बाजूले होतो. त्यानं सोडला."

मला काकांचा राग आला. म्हातारे झालेत, नीट दिसत नाही त्यांना.

मलकापूरच्या दुकानात फोन केला. तसाच रॉड आहे म्हणतो. या वेळी रिळाला एक दोरी बांधून ती झाडाला बांधायची.

१४ मे

यांना सांगितलं की दुसरा आणते, लग्नाचे ब्लाउज संपले की. हे भिंतीकडे तोंड करून होते. वळले आणि उठून बसले.

"आणू नको."

"का? लागला होता ना. तुम्ही आणला होता काठापर्यंत."

"पूनम, मले मासा कधीच नव्हता पाहिजे."

मी म्हटलं, पंधरा वर्षं दर रविवारी काय करत होते मग?

मग म्हणाले, "तिथं मले कोणी पाहत नव्हतं. हप्ताभर मळणीच्या मशीनवर दहा माणसं डोक्यावर उभी, हे कर, ते कर, माझं आधी काढ. रविवारी पाण्यापाशी कोणी नाई. काकाही बोलत नाई. एवढंच होतं ते."

"मग आधी काऊन नाही सांगितलं?"

"तू किती खुश होती."

मी खोलीतून बाहेर आले. मशीनवर बसले. बाही उलटी जोडली, उसवली, परत उलटी जोडली. सगळे रविवार मी यांच्या मागे तीन हातांवर बसून होते. पाणी देत, टोपी सारखी करत.

पण मग मी करायचं काय होतं? कोणी सांगावं मला. पाहायचं नाही, तर काय करायचं?

१५ मे

काही नाही. दोघंही जेवलो.

१८ मे

सकाळी सहाला हे कपडे घालून निघाले. दारात म्हणाले, "धरणावर जाऊन येतो. एकटाच."

मी चप्पल घालत होते, ती काढून ठेवली. यांचं त्या दिवशीचं बोलणं लक्षात होतं. मनाशी ठरवलं होतं, आता मागे लागायचं नाही, पाहायचं नाही. म्हटलं, "जा." यांनी माझ्याकडे पाहिलं, नीट, आणि गेले. मोबाइल खाटेवरच राहिला, नंतर दिसला.

सासूबाईंनी विचारलं, "कुठं गेला?"

"धरणावर."

"एकटा?"

"हो. त्यांनाच जायचं होतं एकटं."

त्या उठल्या आणि पदर खोचून दाराकडे निघाल्या. मी आडवी आले. म्हटलं, "आई, बसा. त्यांना आवडत नाही असं मागे मागे केलेलं. मला सांगितलंय त्यांनी." त्या माझ्याकडे अशा पाहायला लागल्या की जणू मी काहीतरी वेगळ्याच भाषेत बोलले. मग माघारी आल्या आणि ओट्यावर बसल्या. मी गहू निवडायला घेतला. त्यांनीही सूप घेतलं. पण त्यांचे हात चालत नव्हते, नुसते सुपात होते.

आठ वाजले. नऊ. ऊन चढलं. मी म्हटलं, "येतील." त्यांचे ओठ हलत होते.

दहा वाजून गेल्यावर हे रस्त्यानं येताना दिसले. हळूहळू, रस्त्याच्या कडेकडेनं. अनवाणी. जवळ आले तेव्हा कळलं, अंगावरचं सगळं ओलं आहे. केसही. रिकामी बाही अंगाला चिकटली होती. एवढ्या उन्हात चार किलोमीटर चालून आले तरी वाळलं नव्हतं, म्हणजे तिथून निघाले त्याला फार वेळ झाला नसेल.

"काऊन उतरले पाण्यात?" मी विचारलं. "रॉड पाह्यला गेले होते का?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. "हाव," म्हणाले. "रॉड."

"सापडला?"

"नाई."

"मग?"

"मग पाय टेकले. तिथं खाली रेती आहे." पायांकडे पाहिलं. "थंड आहे पाणी खालून. मग निघालो."

मी म्हटलं, जाऊ द्या तो रॉड, तीन हजाराच्या रॉडसाठी एवढ्या खोल जातं का कोणी एका हातानं? मी बोलतच होते. सासूबाई उठून यांच्यापर्यंत कधी गेल्या मला कळलं नाही. यांचा ओला सदरा छातीपाशी दोन्ही मुठींत धरला आणि तशाच उभ्या राहिल्या, त्यांचं डोकं यांच्या बरगडीएवढं. यांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "आई, सोडा, काढते मी तो, वाळत घालायचाय." त्या सोडेनात.

दुसरा सदरा आणायला मी आत गेले. बाहेर आले तेव्हाही त्या तशाच. शेवटी यांनीच त्यांच्या एकेक बोटाला धरून मुठी सोडवल्या, डाव्या हातानं, अगदी सावकाश. मी ओला सदरा काढला, कोरडा घातला. बटणं लावताना पहिलंच बटण काजात जाईना. एवढी वर्षं शिवते मी, हजारो बटणं लावली असतील.

यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. गार होता. मी वर पाहिलं नाही. दुसरं बटण लावलं, तिसरं लावलं. हात तिथंच राहिला.

उद्या सकाळी पहिल्या एसटीनं बुलढाण्याला दवाखान्यात त्या समुपदेशक बाईंकडे जायचं, असं मी यांना सांगितलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. सासूबाई आज यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या आहेत आणि तिथून हलत नाहीत. मी त्यांची भाकरी तिथंच नेऊन दिली, आणि माझी पण.